मेल आणि चाल : खानदेशातील एका जुन्या प्रश्नाची जॅझच्या निमित्ताने फेरतपासणी

तापीकाठच्या थाळनेरपासून सुरू झालेली आणि पुढे असीरगड व बुऱ्हाणपूर येथे स्थिरावलेली फारुकी राजवट मराठी वाचकाला परिचित असते ती राजकीय इतिहासातून. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला थाळनेरचा मुलूख दिला आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, या दोन घटनांच्या दरम्यानचा खानदेश म्हणजे गुजरात, माळवा आणि दख्खन यांच्या ओढाताणीत टिकून राहिलेले एक लहानसे राज्य, एवढीच त्याची ओळख बहुधा करून दिली जाते. संगीतविचाराच्या इतिहासात मात्र या राज्याला वेगळेच महत्त्व आहे. कर्नाटकातील शिवगंगा डोंगरापाशी असलेल्या सातनूर गावचा पुंडरीक विठ्ठल हा पंडित सोळाव्या शतकात खानदेशात आला आणि फारुकी घराण्यातील बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. रागांचे शास्त्रात सांगितलेले लक्षण आणि गवयांच्या गळ्यातील लक्ष्य यांत पडलेले अंतर मिटवून त्यांची व्यवस्था लावावी, ही आश्रयदात्याची अपेक्षा होती. जळगाव-धुळ्याकडील ज्या भूप्रदेशाला पुढे पूर्व व पश्चिम खानदेश म्हटले गेले, त्याच्या राज्यकर्त्यांनी विचारलेला हा प्रश्न मूलतः सैद्धांतिक आहे. आणि त्याला दिले गेलेले उत्तर आजच्या मराठी लोकगीतसमीक्षेपर्यंत, बहुतेक वेळा नकळत, येऊन पोहोचले आहे.

पुंडरीकाचे उत्तर होते ‘मेल’. सप्तकातील स्वरांचे एक विशिष्ट जुळणे म्हणजे मेल. त्यातून राग निपजतात, म्हणून रागांचे वर्गीकरण मेलांनुसार करावयाचे. ही पद्धत दक्षिणेची. विजयनगरच्या परंपरेतील रामामात्याने ‘स्वरमेलकलानिधी’ (१५५०) या ग्रंथात तिची सुसूत्र मांडणी केलेली होती. पुंडरीकाने ती तापीच्या खोऱ्यात आणली आणि एकोणीस मेलांत उत्तरेकडील राग बसविण्याचा प्रयत्न केला. दक्षिणी चौकट आणि उत्तरी गायन यांची ही गाठ खानदेशात पडावी, हे भूगोलाला धरूनच झाले. मात्र मेलाची सिद्धता पुंडरीक कशाच्या आधारे करतो, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. ती वीणेच्या पडद्यांवर होते. कोणती तार कोणत्या स्वरात लावावी, कोणत्या पडद्यावर कोणता नाद स्वयंभू म्हणून प्राप्त होतो, या हिशेबातून मेल उभा राहतो. मेल ही वाद्याची संकल्पना आहे. वाद्य वाजविण्याआधी ते लावून ठेवण्याची. उत्तरेत याच कल्पनेला पुढे ‘थाट’ हा शब्द रूढ झाला, आणि सतारीचे पडदे सरकवून केलेल्या मांडणीला आजही थाटच म्हणतात. (मराठीत या शब्दाला डामडौलाचा जो अर्थ आहे, तोही मुळात मांडामांडीचाच.)

पुंडरीक स्वतः या संकल्पनेच्या मर्यादा ओळखून होता, असे मानण्यास आधार आहे. ‘सद्रागचंद्रोदया’त स्वर आणि मेल यांचे विवेचन झाल्यावर आलप्तीसाठी स्वतंत्र ‘प्रसाद’ राखून ठेवलेला आहे. स्वर कसे मांडावयाचे हे एका प्रकरणात, ते कसे चालवावयाचे हे दुसऱ्यात. पुढे खानदेश सोडून उत्तरेत गेल्यावर त्याने ‘रागमाला’ (१५७६) लिहिली, तेव्हा सहा पुरुषराग, प्रत्येकाच्या पाच भार्या आणि पाच पुत्र अशी सहासष्ट रागांची कुटुंबव्यवस्था त्याने स्वीकारली. ‘रागमंजरी’त तो पुन्हा वीस मेलांकडे वळला. एकाच ग्रंथकाराने एकाच सामग्रीला दोन चौकटी लावून पाहाव्यात, यात काही अभ्यासकांना विसंगती दिसते. वस्तुतः त्यात एक प्रामाणिक अस्वस्थता आहे: स्वरांचे साम्य म्हणजे स्वरूपाचे साम्य नव्हे, आणि मेल पहिल्याचाच निर्वाळा देऊ शकतो.

विसाव्या शतकात विष्णु नारायण भातखंडे यांनी पुंडरीकाचे ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या १९१० ते १९३२ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या मराठी ग्रंथात दहा थाटांची व्यवस्था रूढ केली. गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने लिहिलेले हे मराठी शास्त्रीय गद्य वाङ्मयाभ्यासकांनीही वाचावे अशा योग्यतेचे आहे. ते सहसा वाचले जात नाही. थाट गायिला जात नसतो, त्याला रंजकतेची अट नसते, तो केवळ जनक असतो, असे या परंपरेने स्पष्ट बजावलेले आहे. तरीही पाठ्यपुस्तकांतून जे खाली झिरपले ते इशारा गाळून. गंधार-निषाद कोमल, बाकीचे शुद्ध, म्हणून ‘काफी’, एवढे म्हटले की स्वररचनेबद्दल काहीतरी सांगून झाले, असा समज दृढ झाला.

हा समज तपासण्यासाठी अशी एखादी रचना हवी की जिच्यात कर्त्याने वादकांना जवळजवळ मेलच तेवढा दिला आहे, राग दिलेला नाही. भारतीय परंपरेत असे उदाहरण मिळणे कठीण, कारण येथे मेल नेहमी रागाच्या पोटातच भेटतो. ते मिळते अमेरिकेतील जॅझमध्ये. माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकाच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘सो व्हॉट’ ही पहिली रचना २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे ध्वनिमुद्रित झाली. तिच्यात जो स्वरसमूह वापरला आहे, त्याला पाश्चात्त्य परिभाषेत ‘डोरियन’ म्हणतात. स्वरांच्या हिशेबाने तो आपला काफी थाट होय. मराठी जाणकारांना ही रचना प्रथमश्रवणीच ‘रागासारखी’ वाटते ती यामुळे. हे वाटणे कितपत खरे, हाच येथे कळीचा मुद्दा आहे.

या रचनेपूर्वीच्या जॅझमध्ये उत्स्फूर्त वादनाचा पाया असे तो स्वरसंघातांचा क्रम. पियानोवर ठरावीक संघात एकामागून एक येत राहावयाचे आणि प्रत्येक संघाताला साजेसे स्वर वादकाने तत्क्षणी शोधावयाचे. १९४० नंतरच्या काळात हे संघात इतके दाट आणि द्रुत झाले की वादन म्हणजे अडथळ्यांची शर्यत होऊ लागली. ‘सो व्हॉट’मध्ये टेनर सॅक्सोफोन वाजविणाऱ्या जॉन कोल्ट्रेनने दोनच महिन्यांनी, मे १९५९ मध्ये, ‘जायंट स्टेप्स’ ही रचना मुद्रित केली. ती या शर्यतीचे अखेरचे टोक मानावी लागते. डेव्हिसने उलटा मार्ग धरला. संघातांचा क्रम काढून टाकला आणि त्या जागी एक स्वरसमूह दीर्घकाळ स्थिर ठेवला. सिद्धांताच्या बाजूने जॉर्ज रसेल याने १९५३ मध्ये मांडलेल्या स्वरसमूहविचाराची पार्श्वभूमी याला होती. पियानोवादक बिल एव्हान्स याने मुद्रिकेच्या वेष्टनावरील टिपणात नोंदविल्याप्रमाणे वादकांच्या हाती आयत्या वेळी केवळ आराखडे देण्यात आले होते.

रचनेचा आराखडा असा: चार मात्रांचा एक खंड, असे बत्तीस खंड मिळून एक आवर्तन, म्हणजे १२८ मात्रा. त्याचे आठ-आठ खंडांचे चार भाग. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या भागात षड्ज पाश्चात्त्य ‘डी’ या स्वरावर. तिसऱ्या भागात तोच स्वरसमूह जसाच्या तसा अर्ध्या स्वराने वर, म्हणजे ‘ई फ्लॅट’वर. येथे मूर्च्छनेची आठवण होणे साहजिक आहे, पण ती गैरलागू आहे. मूर्च्छनेत स्वर तेच राहतात आणि आधार बदलतो. येथे आधाराबरोबर सगळी इमारतच सरकते. तिसऱ्या भागातील स्वर मूळ षड्जाच्या नजरेने वाचले तर कोमल ऋषभ, कोमल गंधार, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद आणि शुद्ध निषाद असे येतात. पहिल्या भागाशी यांतले दोनच स्वर सामाईक, कोमल गंधार आणि कोमल निषाद. आणि तेही नव्या घरात गेल्यावर ऋषभ व धैवत होतात. उरलेले पाच नेमके तेच, जे पहिल्या भागात वर्ज्य होते. दोन्ही भाग मिळून बाराही स्वर पुरे होतात. अवघ्या दोन मांडण्यांत सबंध सप्तक व्यापणारी ही रचना वरकरणी दिसते तेवढी साधी नाही. आणि कोणत्याही रागाला न परवडणारी गोष्ट ती आठ खंडांसाठी करते, ती म्हणजे षड्ज सोडते.

तथापि ‘सो व्हॉट’चे मर्म या गणितात आहे असे म्हणणे म्हणजे मेलाच्याच जाळ्यात पुन्हा सापडणे. ते मर्म तिच्या मुखड्यात आहे. सुरुवातीची संथ, तालमुक्त प्रस्तावना बाजूला ठेवली, तर मुखडा वाजवितो तो पॉल चेंबर्सचा बास, म्हणजे ज्या वाद्याने एरवी मागे राहून आधार द्यावयाचा ते. त्याचे पहिले वाक्य असे: सा, मग पंचमावरून चढत ध, कोमल नि, सां, रें, आणि परत नि, सां. या वाक्याला पियानो दोन संघातांनी उत्तर देतो. आता या संवादाकडे नीट कान दिला पाहिजे. बासच्या वाक्यात गंधारच नाही. तेवढ्यावरून मेल काफीचा की खमाजाचा, हे ठरत नाही. उत्तराच्या पहिल्या संघातात रे, प, सां, म, ध हे स्वर आहेत. येथेही गंधार नाही. दुसरा संघात एक पूर्ण स्वर खाली उतरतो: सा, म, नि, ग, प. येथे कोमल गंधार प्रथम कानी पडतो आणि मेल निश्चित होतो. दोन संघात मिळून सातही स्वर पुरे झालेले असतात. म्हणजे मेल हा या रचनेत आरंभी गृहीत धरलेला पाया नाही. तो उत्तराच्या शेवटच्या क्षणी हाती येणारी वस्तू आहे. प्रश्न करणारा एक, उत्तर देणारा दुसरा, आणि दोघांच्या मधल्या जागेत स्वरसमूह सिद्ध होतो.

पहिल्या आठ खंडांत उत्तर देतो तो पियानो. त्यानंतर ते काम ट्रम्पेट आणि दोन्ही सॅक्सोफोन उचलतात. पुढे जिमी कॉबच्या झांजेच्या एका आघाताबरोबर डेव्हिसचे वादन सुरू होते. डेव्हिस, कोल्ट्रेन आणि ऑल्टो सॅक्सोफोनवरील कॅननबॉल ॲडर्ली प्रत्येकी दोन आवर्तने घेतात, एव्हान्स एक. मेल सर्वांना तोच. पण डेव्हिस थोडक्या स्वरांची वाक्ये करून त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडतो. कोल्ट्रेन एखादा स्वरगट धरून त्याला पुन्हा पुन्हा उलटवत दाट करीत नेतो. ॲडर्ली ब्लूजच्या वळणाने आणि मेलाबाहेरच्या स्वरांना शिवत जातो. एव्हान्स लगतचे स्वर एकत्र दाबून नादाचे पुंजके मांडतो, आणि त्या वेळी मुखड्यातील ते दोन संघातांचे उत्तर पाठीमागून फुंकवाद्ये देत राहतात. चौघांच्या वादनात समान असे जे आहे ते काफी; आणि श्रोत्याला जे भेटते, ते त्या समानतेच्या पलीकडचे.

मग ही रचना ‘रागासारखी’ आहे काय? बागेश्री, भीमपलास, धानी, बहार हे सर्व काफी थाटात घातले जातात. भीमपलासात आरोही ऋषभ-धैवत नाहीत, बागेश्रीत पंचमाला अत्यल्प आणि नेमकी जागा आहे; मध्यमावरचा विसावा दोहोंतही महत्त्वाचा असूनही त्याकडे जाण्याची वाट निराळी. रागाचे रागपण या वाटांत आहे. त्या वाटा परंपरेने ठरविलेल्या असतात. ‘सो व्हॉट’मध्ये अशी पूर्वनियत वाट नाही. ती राग नाही, आणि राग नसणे हे तिचे न्यून नव्हे. पुढे कोल्ट्रेनने ‘इंडिया’ (१९६१) सारख्या रचनेत भारतीय संगीताकडे जाणीवपूर्वक पाहिले. मुंबईत वावरलेल्या ब्राझ गोन्साल्विससारख्या गोमंतकीय सॅक्सोफोनवादकाने राग आणि जॅझ यांची सांगड घालण्याचे प्रयोग केले. तो इतिहास वेगळा आहे. ‘सो व्हॉट’ने मात्र मेल उघडा ठेवून हे दाखविले की नुसत्या मेलाने काहीच होत नाही. त्यावर उभी राहते ती ‘चाल’.

चाल हा शब्द मराठीने फार विचारपूर्वक घडविला आहे असे वाटते. माणसाचे चालणे आणि गाण्याचे वळण या दोहोंना तो एकच. रागशास्त्रात ‘चलन’ आहे, पण ते स्वरांपुरते. ‘चाल’ म्हणताना मराठी माणसाच्या मनात स्वर, लय, श्वास, शब्द उच्चारण्याची ढब आणि कोणी कोणामागून म्हणावयाचे ही रीत, हे सारे एकवटलेले असते. दुर्दैवाने मराठी समीक्षेने या शब्दाला पारिभाषिक प्रतिष्ठा दिली नाही. ‘अमुक गीताच्या चालीवर’ अशा शीर्षकाखालील सूचनेपुरता तो उरला.

याचे परिणाम सर्वाधिक जाणवतात ते खानदेशी लोकगीतांच्या अभ्यासात. जळगाव-धुळे परिसरातील अहिराणी व लेवागणबोलीतील गीतांवरील प्रबंधांत संहिता काळजीपूर्वक दिलेली असते, विषयवार वर्गीकरण असते, आणि संगीताविषयी एका वाक्यात ‘काफीची छाया’ किंवा ‘भूपाचे स्वर’ असा निर्वाळा असतो. चार-पाच स्वरांच्या आवाक्यात फिरणाऱ्या, तंबोऱ्याचा षड्ज नसलेल्या, वाद्याच्या पडद्याशी कधी संबंधच न आलेल्या कंठगीताला वीणेवर सिद्ध झालेली संज्ञा लावली जाते. शिवाय चार-पाच स्वरांवरून सात स्वरांचा थाट ठरविणे म्हणजे न गायिलेले स्वर पदरचे घालणे होय. ‘सो व्हॉट’मधील बासच्या वाक्यावरून गंधार कोणता हे जसे सांगता येत नाही, तसेच हे. फरक इतकाच की तेथे उत्तर येते. येथे अभ्यासकच ते परस्पर देऊन टाकतो.

छंदाच्या बाजूने पाहिले तर तीच गोष्ट दिसते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या रचना त्यांचे पुत्र सोपानदेव आणि पीतांबर चौधरी यांनी टिपून ठेवल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. नाव ‘गाणी’, पण पुस्तकात आले ते शब्द. समीक्षेने त्या शब्दांत प्रतिमा पाहिल्या, तत्त्वचिंतन पाहिले, आणि छंद म्हणून आठ अक्षरांचे चरण मोजले. अक्षरगणना चुकीची नाही. परंतु आठ अक्षरे हा ओवीचा मेल आहे, चाल नव्हे. घरोटावर, म्हणजे खानदेशी बोलीतल्या जात्यावर, ही अक्षरे सारख्या अंतराने पडत नाहीत. दाणे वैरताना हात खुंट्यावरून निघतो, फेरा मंदावतो आणि एखादे अक्षर लांबते. दळण सैल झाले की फेरा हलका होतो आणि अक्षरे जवळ येतात. छापील चरणात ज्यांना स्थान नसते असे ‘गं’, ‘बाई’, ‘माय’ हे शब्द याच जागा भरतात. संपादक त्यांना पादपूरक समजून गाळतो. गाणारीच्या दृष्टीने चरणाची सांधेजोड त्यांच्यावर अवलंबून असते. ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटात वसंत पवारांनी बहिणाबाईंच्या गीतांना दिलेल्या चाली इतक्या सुंदर आणि सर्वदूर झाल्या की आता तेच त्यांचे मूळ वळण असा अनेकांचा ग्रह आहे. वाद्यवृंदाच्या साथीत षड्ज ठरला, ताल ठरला, कडवी सारखी झाली. चित्रपटसंगीताने ते करावेच. समीक्षेने मात्र हे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत.

असा अभ्यास अशक्य नाही. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी मुख्यतः पुणे जिल्ह्याच्या आसमंतातून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. १९९० नंतरच्या काळात बर्नार बेल यांच्या साहाय्याने गाणाऱ्या स्त्रियांचे ध्वनिमुद्रण झाले. त्यातून संहिता आणि गळा एकत्र ऐकण्याची सोय प्रथमच झाली. खानदेशापुरती अशी मांडणी करावयाची तर नोंदीचे रकाने बदलावे लागतील. थाटाच्या रकान्याऐवजी गाणारीने कोणत्या स्वरावर श्वास घेतला, चरणाचा उत्तरार्ध कोणी उचलला, उचलताना पहिलीचा शेवटचा स्वर धरला की सोडला, फेऱ्याचा आणि चरणाचा सांधा कोठे जुळला, हे लिहावे लागेल. दोघीजणी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालतात, एक ओवी उचलते, दुसरी ती पुरी करते किंवा फिरवून म्हणते. तेव्हा जी घडण होते ती चेंबर्सच्या बास आणि एव्हान्सच्या पियानोमधील घडणीहून जातीने वेगळी आहे, पण प्रश्न तोच विचारावा लागतो: स्वर कोणाचा, आणि तो पुरा कोठे होतो?

दळण गिरणीकडे गेल्याला आता पिढ्या लोटल्या. तरी श्रावणात कानबाईच्या रात्री खानदेशात स्त्रिया जागून गाणी म्हणतात, आणि लग्नघरी हळद दळताना जात्याला सूत बांधून सवाष्णी त्याचे काही फेरे ओढतात. त्या वेळी म्हटलेली ओवी नंतर सवडीने विचारून शब्दशः लिहून घेता येते. पहिला अर्धा कोणी म्हटला आणि दुसरा कोणी झेलला, हे मात्र जाते फिरत असतानाच ऐकावे लागते.